भूगोलाची उजळणी

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत येताना दारात प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला आहे. तो पालथा दिला आहे आणि पालथाच ठेवायचा आहे. मागच्या बाकावर दोघांनी आत्ताच उलटून पाहिला, ते मला दिसलं. तीस वर्षांत काही सवयी जात नाहीत.

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर सध्या ज्याला-त्याला बोलता येतं. मी दहावीच्या भूगोलाच्या उजळणीवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "तू? आणि भूगोल?"

शंका रास्त होती. मला गणितात चांगले गुण पडायचे आणि त्याचा माज होता. भूगोल म्हणजे नुसती घोकंपट्टी, डोकं चालत नाही त्यांच्यासाठी ठेवलेला विषय, असं मी मधल्या सुट्टीत मोठ्या तोंडाने बोललेली आहे. आपल्या भूगोलाच्या बाई इथे माझ्या डाव्या हाताला बसल्या आहेत, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते. बाई, तेव्हा तुमच्या कानावर गेलं होतं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

नववीतली गोष्ट काही जणांना आठवत असेल. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. बाई वर्गात आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "पुस्तकं दप्तरात, दप्तरं बाकाखाली." मग अर्धा कागद काढायचा. भिंतीवर गुंडाळी फळा टांगलेला, त्यावर पांढऱ्या रंगाने भारताची फक्त बाहेरची रेघ. "कृष्णा दाखवा. दोन मिनिटं." मी महाबळेश्वरातून नदी काढली आणि सरळ अरबी समुद्रात नेऊन सोडली. माझा तर्क असा की, उगमाला जवळचा समुद्र कोणता? पश्चिमेचा. मग नदी लांबच्या समुद्राला कशाला जाईल? इंजिनिअर व्हायची लक्षणं तेव्हापासूनची.

शेजाऱ्याशी कागद बदलून तपासले तेव्हा माझ्यासारखे अकरा जण निघाले. वाईत जन्मलेले, रोज कृष्णेचा पूल ओलांडून शाळेत येणारे अकरा जण. बाई रागावल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी अख्खा वर्ग गणपती घाटावर नेला, पाण्यात एक वाळकं पान टाकलं आणि विचारलं, "हे कुठे निघालं?" मेणवलीकडून आलेलं पाणी पान घेऊन पूर्वेला चाललं होतं, डोळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, "समुद्र किती लांब आहे हे नदीला कळत नाही. तिला फक्त उतार कळतो."

कृष्णेचा उगम अरबी समुद्रापासून जेमतेम चौसष्ट किलोमीटरवर आहे. पण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं, म्हणून ती जवळजवळ चौदाशे किलोमीटर चालत, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. आणि तिथेच महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. एका गावातून निघालेल्या दोघी, एक इकडच्या समुद्राला, एक तिकडच्या. (आपल्या वर्गातल्या मुलींबद्दल कोणीतरी आत्ता काहीतरी पुटपुटलं. चहाच्या वेळी बघते.)

घाट, पान आणि उतार हे सगळं मी नंतर विसरून गेले. दहावी झाली, बारावी झाली, सांगलीला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. आठवायची वेळ आली ती २०१८ साली.

आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी एके दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "ताई, आमच्या चाळीतली दोन-तीन पोरं दहावीला आहेत. क्लासचे पैसे कुठून आणायचे? तुम्ही रविवारी काही सांगाल का?" मला वाटलं, गणित-विज्ञान शिकवायचं असेल. चार मुलं आली. त्यांच्याबरोबर, नुसतीच ऐकायला म्हणून, मावशींची नववीतली मुलगीही आली. मी विचारलं, कुठला विषय सर्वांत अवघड जातो? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक जण म्हणाला, "काकू, भूगोल. त्यात दोन देश आहेत."

त्याच वर्षी दहावीचं पुस्तक बदललं होतं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं अलीकडे दहावीला होती त्यांना माहीत आहे, की त्यात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवतात. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, व्यवसाय, सगळं जोडीने. मला ते पुस्तक आवडलं. पण मुलांच्या डोक्यात त्या जोडीची खिचडी व्हायची. कर्कवृत्त ब्राझीलमधून जायचं, ॲमेझॉन बंगालच्या उपसागराला मिळायची, आणि डिसेंबरात ब्राझीलमध्ये थंडी पडायची.

मी माझ्या धंद्याला शोभेल असंच केलं. दोन रविवार बसून एक ॲप तयार केलं. दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर आलं की हिरवा रंग आणि टाळ्यांचा आवाज. मुलांना भयंकर आवडलं. महिन्याभरात सगळी शंभरपैकी नव्वदच्या वर. मी ऑफिसात चार जणांना दाखवलं. नवरा म्हणाला, शाळांना विक.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. चौघांपैकी तिघांना चाळीसपैकी पंधराच्या आत. पेपर आणायला सांगितले. पर्यायांचे प्रश्न बरोबर होते. नकाशा कोरा होता. "भौगोलिक कारणे लिहा" खाली प्रश्नच पुन्हा उतरवलेला होता.

मी चिडले, आधी मुलांवर, मग स्वतःवर. चार उत्तरं समोर मांडली की त्यातलं बरोबर कोणतं ते मुलं ओळखायची. कोऱ्या कागदासमोर त्यांना काही आठवत नव्हतं. ओळखणं आणि आठवणं यांत काय फरक आहे, ते मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आज सकाळी फाटकाशी प्रत्येकाने तो अनुभवला आहे. "ओळखलंस का?" "अरे, न ओळखायला काय झालं!" आणि नंतर बाजूला जाऊन तिसऱ्याला हळूच विचारलं, "ह्याचं नाव काय रे?"

मग जरा वाचन केलं. २००६ साली हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींना तेच उतारे पुन्हा वाचायला सांगितलं, काहींना वाचलेलं न पाहता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे पुस्तक डोळ्यांखालून घालत राहिलं की आपल्याला येतंय असं वाटतं, आणि परीक्षा नेमकी त्या वाटण्यानंतर आठवड्याने असते. हे वाचताना माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं, "पुस्तकं दप्तरात, दप्तरं बाकाखाली." बाई, तुमचा प्रयोग त्यांच्याआधी किमान तेरा वर्षं चालू होता. तुम्ही तो छापला नाहीत, एवढंच.

दुसऱ्या वर्षी ॲप बंद केलं. स्टेशनरीच्या दुकानातून भारत आणि ब्राझीलचे कोरे आराखडे आणले. त्या वर्षी मुलं सात झाली. मावशींची मुलगी आता दहावीत होती. आधी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये बसायचो. कोणाची तरी तक्रार आली, मग खाली पार्किंगमध्ये सतरंजी टाकली. तिथे उजेड बरा होता, आणि फरशीवर खडूने मोठा नकाशा काढता येत होता, जो क्लब हाउसमध्ये कोणी काढू दिला नसता.

रीत अशी. आल्या आल्या पुस्तक बंद, एक कोरा आराखडा, दहा मिनिटं. जे आठवेल ते पेन्सिलीने भरायचं. मग पुस्तक उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या, त्याही स्वतःच. वर तारीख टाकून कागद फाइलला लावायचा. पुढच्या रविवारी मागचा कागद न बघता पुन्हा तेच. पहिल्या रविवारी सगळे कागद लालभडक. मुलं हिरमुसली. मी सांगितलं, लाल कमी होत गेलेलं आपण मोजू. दिवाळीपर्यंत मोजायला फारसं उरलं नाही.

कारणांसाठी आम्ही मिठाईचे खोके वापरले. सेबास्टियान लाइटनर नावाच्या एका जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात ही युक्ती लोकप्रिय केली. प्रश्न एका बाजूला, उत्तर मागे, अशा चिठ्ठ्या. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, शेवटचा महिन्याने. जे येतं त्यावर वेळ जात नाही, आणि जे येत नाही ते सारखं समोर येतं. दिवाळीनंतर सोसायटीत काजूकतलीच्या रिकाम्या खोक्यांना तोटा नसतो.

एक गोष्ट मात्र खोक्यात बसत नव्हती. मुलं कारण पाठ करायची आणि प्रश्न जरा फिरवला की अडकायची. "ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी पडतो" हे वाक्य पुस्तकात आहे. त्या भागाला पुस्तकात अवर्षण चतुष्कोन म्हटलं आहे. सातही जणांना तो शब्द पाठ होता. अवर्षण म्हणजे काय, विचारलं तर दोघांनी सांगितलं, "भूकंप."

मी फरशीवर खडूने ब्राझीलचा पूर्व किनारा काढला. अटलांटिक महासागराकडून येणारे वारे, त्यांच्यासमोर किनाऱ्यालगत उभा असलेला उंच कडा. पुस्तकात त्याला अजस्र कडा म्हणतात. वारे अडतात, वर चढतात, थंड होतात, किनाऱ्याच्या बाजूला पाऊस टाकतात आणि पलीकडे पोहोचतात ते कोरडे. मग शेजारी सह्याद्री काढला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पसरणीचा घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर माझं गाव वाई, तिथे त्याच्या पाव हिश्श्यालाही पोहोचत नाही. आणखी पूर्वेला गेलं की...

"माण," मावशींची मुलगी म्हणाली.

ती एरवी फारशी बोलायची नाही. म्हणाली, "आमचं गाव म्हसवडजवळ आहे. तिथे पाचशेपण पडत नाही कधी कधी. ढग येतात, वरून जातात. आज्जी म्हणते, वाटेतच सांडून येतात मेले." आणि मग फरशीवरच्या दोन नकाशांकडे बघत, "म्हणजे काकू, ब्राझीलमध्येपण एक माण आहे."

२०१२-१३ च्या दुष्काळात तिच्या घरच्यांनी जनावरं आधी चारा छावणीत नेली, मग विकली, आणि पुण्याला आले. वडील बांधकामावर, आई माझ्या स्वयंपाकघरात. पर्जन्यछायेचा प्रदेश ही ओळ मी दहावीत पाठ केली होती, चार गुणांसाठी. सातारा जिल्ह्यातच राहत होते, आणि त्या छायेत माणसं राहतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी तिला लुला दा सिल्वा यांची गोष्ट सांगितली. ईशान्य ब्राझीलमधल्या पेर्नांबुको राज्यात १९४५ साली जन्मलेला मुलगा. सात वर्षांचा असताना आई त्याला आणि भावंडांना घेऊन साओ पाउलो राज्याकडे निघाली, ट्रकच्या हौद्यात, तेरा दिवसांचा प्रवास. मोठेपणी कारखान्यात काम करता करता त्याचं एक बोट गेलं, आणि २००३ साली तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिने विचारलं, "आणि त्यांचं गाव?" राष्ट्राध्यक्ष झाल्याचं तिला विशेष वाटलं नाही. मागे राहिलेल्या गावात आता पाणी आहे का, हे तिला हवं होतं. मला सांगता आलं नाही.

त्या डिसेंबरात, २०१९ च्या, एका रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी साओ पाउलोतल्या एका सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आदल्या रविवारी मुलांकडून हिशेब करून घेतला होता. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्ताची, ब्राझीलची ४५ अंश पश्चिमेची. एकूण अंतर साडेसत्तावीस आणि शंभर अंश, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे पाचशे दहा मिनिटं, साडेआठ तास. तर तिथे आत्ता सकाळचे दहा वाजले पाहिजेत. वाजले होते. इकडे मुलं स्वेटर घालून सतरंजीवर, तिकडे तो अर्ध्या चड्डीत गॅलरीत उन्हात बसलेला. साओ पाउलोजवळून मकरवृत्त जातं, डिसेंबर म्हणजे त्यांचा उन्हाळा, हे त्यानंतर एकानेही चुकवलं नाही. एका मुलाने त्याला विचारलं, "तुमच्याकडे दहावीला भारत आहे का?" तो म्हणाला, नाही. मुलांना हे अन्यायाचं वाटलं.

बाकी जे केलं ते परीक्षेचं साधं काम. नकाशा आणि नकाशावाचन मिळून आठ गुण, आलेखाचे सहा. चाळीसपैकी चौदा. आणि नेमका हाच भाग मुलं शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवतात. आलेखाला शीर्षक आणि प्रमाण लिहायचं, नकाशाला सूची करायची, त्यावर बैठक क्रमांक टाकायचा आणि तो उत्तरपत्रिकेला नीट बांधायचा. याचीसुद्धा आम्ही दोऱ्यासकट तालीम केली.

आता मार्च २०२०. तुम्हाला सगळ्यांना आठवतो तो कशासाठी, ते माहीत आहे. दहावीचे पेपर चालू होते. इतिहास झाला. एकच पेपर उरला होता, सोमवारी, २३ मार्चला. भूगोल.

पेपर पुढे ढकलल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मावशी आणि त्यांचे यजमान दोन्ही मुलांना घेऊन, मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. मुलीने दप्तरात काय नेलं? नकाशांची फाइल आणि काजूकतलीचा खोका. पेपर कधीही होईल, म्हणून. गावी गेल्यावर रोज एक आराखडा भरून ती मला फोटो पाठवायची. कोरे आराखडे संपले तेव्हा वहीच्या पानावर हाताने बाह्यरेषा काढून भरू लागली. त्या रेषा छापील आराखड्याच्या इतक्या जवळ होत्या, की मी एकदा खात्री करायला एकावर एक ठेवून पाहिल्या.

एप्रिलमध्ये पेपर रद्द झाला. राज्यभरातल्या मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या सातातल्या सहांनीही. तिचा फोन आला. "काकू, मग भूगोलाचे किती देणार?" मी म्हटलं, बाकीच्या पेपरांची सरासरी काढून देतील बहुतेक. तसंच झालं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे गणितासारखे."

पूर्वपरीक्षेत तिला भूगोलात चाळीसपैकी छत्तीस होते. गणित आणि इंग्रजी जेमतेम. २९ जुलैला निकाल लागला. गुणपत्रिकेवर सामाजिक शास्त्रांचा एकच आकडा असतो, पण उलटा हिशेब करणं हा माझा पेशाच आहे. सरासरीने तिला अठराच्या आसपास पडले होते. गेलेले अठरा गुण म्हणजे पाचशेत साडेतीन टक्क्यांहून थोडे जास्तच.

माझ्या डोक्यात जे राहिलं ते वेगळंच आहे, आणि ते मी आजवर मोठ्याने बोललेले नाही. त्या वर्षात साधारण चाळीस रविवार होते. मी इंजिनिअर. गणित माझ्या हातचा मळ. मुलीला भूगोल आवडतो, मलाही शिकवायला मजा येते, म्हणून मी खडू घेऊन फरशीवर नद्या काढत बसले. त्यातले निम्मे रविवार गणिताला दिले असते, तर गणिताचे गुण वाढले असते, आणि त्याबरोबर सरासरी वाढली असती, म्हणजे भूगोलाचेही वाढले असते. सरासरीत गणित धरलं गेलं, भूगोल धरला गेला नाही. असं होईल हे कोणालाच माहीत नव्हतं, हे मला कळतं. तरीही ती बेरीज मी अनेकदा करून पाहिली आहे. मावशी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते कुटुंब पुण्याला परत आलं नाही. तिने दहिवडीला कॉलेज केलं, आता तिथेच एका दुकानात हिशेब बघते. हिशेब, म्हणजे गणितच. मी हे तिला म्हटलं तेव्हा ती खूप हसली.

माझे रविवार चालू आहेत. आता मी अर्धा वेळ गणित घेते आणि अर्धा भूगोल, आणि हे शहाणपण आहे की भीती, ते मला ठरवता येत नाही. बाई, चहाच्या वेळी तुम्हाला हे विचारायचं आहे.

दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ, जो तेव्हा पार्किंगच्या कोपऱ्यात गाड्यांशी खेळत बसायचा, यंदा दहावीला आहे. म्हणाली, "काकू, ब्राझीलचे कोरे आराखडे इथे मिळत नाहीत. पन्नास पाठवाल का?" मी विचारलं, खोका आहे का अजून? म्हणाली, "तो उंदरांनी खाल्ला. चिठ्ठ्या आहेत." मग सांगायला लागली, की भावाला तिने गावामागच्या टेकडीवर नेऊन पश्चिमेला तोंड करून उभं केलं, पावसाळ्यात, आणि ढग कुठून येतात ते दाखवलं. त्याला म्हणाली, आता ब्राझीलमध्ये उभा आहेस असं समज, आणि दिशा उलटी कर, कारण तिथला समुद्र पूर्वेला आहे. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

काल इथे येताना पन्नास आराखडे पोस्टात टाकले. त्यांच्याबरोबर भारताचेही थोडे जास्त घेतले होते.

तर आता हातातला कागद उलटा करा. भारताची बाहेरची रेघ आहे, आत काही नाही. पाच गोष्टी दाखवायच्या: कृष्णा, उगमापासून मुखापर्यंत. सावित्री. कर्कवृत्त. महाराष्ट्रातला पर्जन्यछायेचा प्रदेश. आणि आपली शाळा. सूची करायला विसरू नका, तिला गुण आहेत. झाल्यावर शेजाऱ्याशी कागद बदलून तपासायचे. नववीतले ते अकरा जण मला आठवताहेत, त्यातल्या सात जणांना मी आत्ता इथून पाहू शकते.

मोबाइल पिशवीत, पिशव्या बाकाखाली.

बाई, वेळ तुम्ही लावा.